इंजिनिअरिंगची दोन वर्षं झाली, सात विषय बाकी: सोडावं की काढावं?

रानवाट

असं चित्र डोळ्यांसमोर धरा. बी.ई.ची दोन वर्षं झालीत. पहिल्या वर्षाचे दोन आणि दुसऱ्याचे पाच असे सात विषय राहिलेत. तिसऱ्याला प्रवेश मिळत नाही आणि विद्यार्थ्याचं मन कॉलेजवरून उडालंय. घरात एक जण म्हणतो, "काहीही कर, पण डिग्री हातात घे." दुसरा म्हणतो, "सोडून दे, आजकाल डिग्री कोण विचारतं?" दोघांचंही ऐकून काही ठरत नाही.

अशी मुलं दरवर्षी दिसतात. बरीचशी काही ठरवतच नाहीत, नुसती जायची बंद होतात. म्हणून हा धागा. धीर द्यायला पुष्कळ लोक असतात. इथे मला नेमकं हवंय: सोडलं तर कुठली दारं बंद होतात, किती मुदतीत परत येता येतं, फी आणि कर्जाचं काय होतं, कुठले कागद हातात असायला हवेत. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहा.

सुतारपक्षी

सोडायचं की नाही याच्या आधी गुणपत्रिका नीट वाचा. "सात विषय राहिले" हे वाक्यच फसवं आहे. बहुतेक विद्यापीठांत तिसऱ्या वर्षाला जायचं तर पहिलं वर्ष पूर्ण निघालेलं लागतं, दुसऱ्या वर्षाच्या विषयांना मात्र एटीकेटीची, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जायची, सवलत असते. म्हणजे सातांपैकी दोनच विषय दार अडवून बसलेत. दुसऱ्या वर्षाचे किती विषय घेऊन पुढे जाता येतं, ही मर्यादा विद्यापीठागणिक वेगळी आहे. कुणाकडे विषय मोजतात, कुणाकडे श्रेयांक (क्रेडिट). ती विद्यापीठाच्या अध्यादेशात वाचा, मित्राच्या सांगण्यावर राहू नका.

मग प्रत्येक विषयापुढे चार गोष्टी लिहा: अंतर्गत गुण किती, लेखी किती, टर्मवर्क (सत्रभराचं काम) आणि प्रॅक्टिकल निघालंय का, किती वेळा बसून झालं. टर्मवर्क निघालेलं असेल तर राहतो फक्त लेखी पेपर, आणि त्याला कॉलेजात रोज जावं लागत नाही. परीक्षेचा फॉर्म भरायचा आणि पेपर द्यायचा.

लेखी पेपर कसा असतो तेही बघा. समजा पेपर ७० चा आहे, चार युनिटांवर, प्रत्येक युनिटाला १७-१८ गुण आणि पर्याय त्याच युनिटाच्या आत. पास व्हायला ४० टक्के म्हणजे २८ हवेत. दोनच युनिटं अगदी तोंडपाठ केली तर ३५ चा पेपर लिहून होतो, पण त्यात ८० टक्के मिळाले तरच २८ होतात. तीन युनिटं बऱ्यापैकी केली तर ५२ च्या आसपास लिहून होतं आणि त्यातले ५५ टक्के पुरतात. विषय पुन्हापुन्हा राहतो तो इथेच. मुलं दोन युनिटांवर भरवसा ठेवतात आणि त्यातला एक प्रश्न अंगावर येतो. तीन युनिटं धरा.

कडुनिंब

सुतारपक्षी, विषय कसे काढायचे हे बरोबर आहे, पण मूळ प्रश्न काढावेत का, हा आहे. माझं मत सांगतो. झालेली दोन वर्षं आणि भरलेली फी हिशेबात धरूच नका. ती राहिलात तरी गेली, सोडलंत तरी गेली. "एवढं केलंय तर पूर्ण कर" या एका वाक्याने कित्येक जण आणखी तीन वर्षं ओढत राहतात. मोजायचं ते इथून पुढचं: किती महिने, किती पैसे, आणि शेवटी हातात काय.

गोधडी

कडुनिंब, पैशाच्या बाबतीत पटतं, श्रेयांकांच्या बाबतीत नाही. मिळवलेले श्रेयांक गेलेले नसतात, ते शिल्लक असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमांनुसार अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेले श्रेयांक सात वर्षं चालतात. डिजिलॉकरला जोडलेलं खातं उघडून कॉलेजने ते खरोखर चढवलेत का, हे आजच बघा. पुष्कळदा नावातल्या एका अक्षराच्या फरकाने खातं जोडलेलंच नसतं, आणि कॉलेज सुटल्यावर ती दुरुस्ती करून घेणं फार जड जातं.

नव्या शैक्षणिक धोरणातला मधेच बाहेर पडायचा हिशेब असा: एका वर्षानंतर किमान ४० श्रेयांकांवर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर ८० वर पदविका, तीन वर्षांना १२० वर पदवी, चार वर्षांना १६० वर ऑनर्स. पहिल्या दोन टप्प्यांवर बाहेर पडताना ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रमही उन्हाळ्यात करावा लागतो. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि सगळं मिळून सात वर्षांत संपवायचं.

पण दोन अडचणी आहेत. एक, ही यूजीसीची सर्वसाधारण चौकट आहे. इंजिनिअरिंगला ती जशीच्या तशी लागू आहे असं धरू नका. आपल्या विद्यापीठाने आपल्या शाखेला बाहेर पडायची सोय ठेवली आहे का, ते लेखी विचारा. दुसरी मोठी. श्रेयांक मिळतात ते पास झालेल्या विषयांचे. दोन वर्षं बसला म्हणून ८० होत नाहीत. सात विषय राहिलेत तर खात्यात ५५-६० च असतील, म्हणजे पदविकेला अपात्र. हातात कागद घेऊन बाहेर पडायचं असेल तरी आधी विषय काढावेच लागतात.

रानवाट

हे लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे "पदविका घेऊन सोडतो" म्हणणाऱ्यालाही परीक्षा द्यावीच लागणार.

गोधडी

हो. आणि श्रेयांक दुसरीकडे नेले तरी पदवी देणाऱ्या विद्यापीठात निम्मे तरी मिळवावे लागतात. शिवाय यंत्रशास्त्राचे श्रेयांक घेऊन बी.ए. लवकर होईल, ही आशा धरू नका. काय जुळतं ते नवं विद्यापीठ ठरवतं.

चिंचबन

एक भाषेचा गोंधळ आधी मिटवू या, कारण त्यापायी घरात भांडणं होतात. आपल्याकडे "ड्रॉप घेतला" म्हणजे नीट किंवा जेईईसाठी वर्ष थांबला. "वायडी झाला" म्हणजे इयर डाऊन: प्रवेश तोच, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) तोच, फक्त पुढच्या वर्गात बसता येत नाही. "सोडलं" म्हणजे प्रवेश रद्द. मुलगा "वायडी" म्हणतो आणि आजोबांच्या कानावर "शिक्षण सुटलं" असं जातं. वर दिलेल्या चित्रातला विद्यार्थी आज वायडी आहे, त्याने अजून काहीच सोडलेलं नाही. वायडीचं वर्ष म्हणजे निर्णय घ्यायला मिळालेलं वर्ष. तेवढ्यात नोकरी, कोर्स, अप्रेंटिसशिप, काहीही करून बघता येतं आणि दोन विषयांचे फॉर्म भरता येतात.

पाणवठा

चिंचबनताईंनी मुद्द्याचं लिहिलं. त्याला जोडून मुदतीचं लिहितो. यूजीसीच्या सूचनांप्रमाणे अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या वर्षांवर दोन वर्षं जास्त मिळतात, अपवादात्मक स्थितीत आणखी एक. चार वर्षांची पदवी म्हणजे साधारण सहा, आणि मोजायला सुरुवात पहिल्या प्रवेशाच्या तारखेपासून. आपल्या विद्यापीठाने हीच मुदत ठेवली आहे का ते बघा.

कागदावरच्या मुदतीपेक्षा घात करतो तो अभ्यासक्रमाचा पॅटर्न. दर काही वर्षांनी पॅटर्न बदलतो, जुन्या पॅटर्नच्या परीक्षा मोजक्याच वेळा होतात आणि मग बंद. त्यानंतर आलात तर जुन्या विषयाच्या बदली नव्या पॅटर्नमधला समकक्ष विषय द्यावा लागतो, त्याचं टर्मवर्क नव्याने. "दोन वर्षांनी बघू" म्हणणाऱ्याचे दोन विषय असे चार होतात. परीक्षा विभागात एकच प्रश्न विचारा: "या पॅटर्नची शेवटची परीक्षा कोणत्या सत्रात?"

उंबरठा

मी थेट दारांची यादी करतो, कारण "डिग्री कोण विचारतं" याला उत्तर असतं.

यूपीएससी नागरी सेवा आणि एमपीएससी राज्यसेवा: पदवी लागते, कुठल्याही शाखेची चालते. शेवटच्या वर्षाला असलेल्याला पूर्वपरीक्षेचा अर्ज भरता येतो. बँक पीओ (अधिकारी), एसएससी (केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) सीजीएल: पदवी. एसएससी सीएचएसएल: बारावी. रेल्वे एनटीपीसी: काही पदं पदवीवर, काही बारावीवर. सीए: बारावीनंतर फाउंडेशनपासून करता येतं, पदवी लागत नाही.

खासगी नोकरीत, खास करून सॉफ्टवेअरमध्ये, पदवीशिवाय काम मिळतं, हे खरं. पण मोठ्या कंपन्यांच्या अर्जात पदवीचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. छोट्या कंपनीतून मोठीत जाताना, साधारण पाचसहा वर्षांनी, ही अडचण समोर येते. परदेशाचं बोलायचं तर अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो, आणि कॉलेजच्या एका वर्षाला कामाची तीन वर्षं असा हिशेब धरतात. दोन वर्षं शिकून सोडलेल्याला वरची दोन भरून काढायला सहा वर्षांचा त्याच क्षेत्रातला अनुभव कागदोपत्री दाखवावा लागतो.

यातलं एकही दार नको असेल तर सोडणं तितकंसं महाग नाही. पण एकेक दार मोठ्याने वाचा आणि "हे मला नको" असं स्वतःच्या तोंडाने म्हणा.

कडुनिंब

उंबरठा, यादी आवडली. तिच्यातच माझा मुद्दा आहे. यातल्या बहुतेक दारांना कुठलीही पदवी चालते. मग इंजिनिअरिंगचाच हट्ट कशाला? यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इग्नू १९८५ पासून. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी स्पर्धा परीक्षांना चालते. नोकरी करत तीन वर्षांत बी.ए., बी.कॉम. होतं.

सुतारपक्षी

होतं, पण तीन वर्षं. आणि वरच्या विद्यार्थ्याला इंजिनिअरिंग संपवायला? दोन विषय या वायडीच्या वर्षात, मग तिसरं, चौथं. तीही तीनच वर्षं. फी आणि मनाची तयारी वेगळी, वेळ सारखाच. म्हणून "मुक्त विद्यापीठ लवकर होतं" असं म्हणू नका. "कमी पैशांत आणि कामासोबत होतं" असं म्हणा, ते खरं आहे.

कडुनिंब

मान्य. शब्द मागे घेतो.

गोधडी

आणि दोन्ही एकदम करायचं असेल तर यूजीसीने एप्रिल २०२२ पासून एक नियमित आणि एक दूरशिक्षणाची अशा दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे. म्हणजे वायडीच्या वर्षात मुक्त विद्यापीठाला प्रवेश घेऊन ठेवता येतो. इंजिनिअरिंग निघालं तर उत्तम, नाही निघालं तर पदवीचं एक वर्ष पुढे सरकलेलं असेल. आधी आपल्या विद्यापीठाने हा नियम स्वीकारलाय का, तेवढं विचारा.

कौलारू

पॉलिटेक्निक कुणी का सुचवलं नाही? बारावी विज्ञान असेल तर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो.

उंबरठा

मिळतो. पण कशासाठी करायचं ते ठरवून. दोन वर्षं डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला बी.ई. म्हणजे आणखी तीन, एकूण पाच. पुन्हा बी.ई.च करायचं असेल तर यापेक्षा राहिलेले विषय काढणं सोपं. डिप्लोमावरच थांबायचं असेल, तर मात्र चांगला रस्ता आहे: एसएससी जेई (कनिष्ठ अभियंता) आणि रेल्वेची जेई डिप्लोमावर देता येते, १९६१ च्या कायद्याखाली वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळते. एसएससी जेई स्थापत्य, विद्युत आणि यांत्रिकी याच शाखांना असते. कॉम्प्युटरवाल्याने तिच्या भरवशावर राहू नये.

पाणवठा

आता सोडायचंच ठरलं तर कसं सोडायचं. नुसतं जाणं बंद करणं म्हणजे सोडणं नव्हे. तसं केलं की नाव पटावर राहतं, मूळ कागद कॉलेजात राहतात, आणि तीन वर्षांनी दुसरीकडे प्रवेश घेताना एलसीसाठी (कॉलेज सोडल्याचा दाखला) धावाधाव होते.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, दोन प्रती. त्यात पूर्ण नाव, पीआरएन, शाखा, वर्ष, कोणत्या तारखेपासून प्रवेश रद्द करायचा, आणि कोणते कागद परत हवेत त्यांची नावं एकेक करून. एक प्रत कार्यालयात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. "ठेवून जा, नंतर शिक्का मारतो" म्हणाले तर तिथेच बसून राहा. फीचे दिवस आणि कर्जाच्या तारखा याच शिक्क्यावरून मोजल्या जातात.

मग नो ड्यूज: ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, लेखा विभाग. एक हरवलेलं पुस्तक सगळं अडवतं, त्यामुळे ग्रंथालयापासून सुरुवात करा. त्यानंतर एलसी, दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर मायग्रेशन (विद्यापीठ बदलाचं प्रमाणपत्र), सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे ट्रान्सक्रिप्ट आणि अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत. पुढे कुठेही श्रेयांक जुळवायचे तर ही प्रत मागतात.

कळकळीने सांगतो: वायडीत असताना "हातात असू द्यावी" म्हणून एलसी काढू नका. एलसी निघाली की त्या कॉलेजातला प्रवेश संपला.

माळढोक

मूळ कागद कॉलेज अडवून ठेवू शकतं का? आणि उरलेल्या वर्षांची फी मागतात ते?

पाणवठा

दोन्हींना नाही. यूजीसीने २०१८ च्या अधिसूचनेत मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला मनाई केली आहे, तपासून परत द्यायची असतात. एआयसीटीईनेही (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मधेच सोडणाऱ्याकडून पुढच्या वर्षांची फी मागायला मनाई केली आहे. तोंडी भांडू नका, लेखी अर्जात याचा उल्लेख करा आणि उत्तर लेखी मागा.

यूजीसीच्या त्याच अधिसूचनेतलं परताव्याचं कोष्टक प्रवेशाच्या शेवटच्या तारखेवर चालतं. त्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी, त्यातून प्रक्रिया शुल्क फीच्या ५ टक्के आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये कापून. १५ पेक्षा कमी दिवस आधी ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, १६ ते ३० दिवसांत ५०, त्यापुढे शून्य. अनामत रक्कम मात्र फीचा भाग नाही, ती कधीही सोडलं तरी पूर्ण परत मिळायला हवी. कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून पहिल्या वर्षाला आलेल्यांना सीईटी सेलची कट-ऑफ तारीख वेगळी असते, ती त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा.

चांदणचुरा

कर्जाचं अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. शैक्षणिक कर्जाला अभ्यासक्रमाचा काळ अधिक साधारण एक वर्ष हप्ते नसतात. मधेच सोडलं की तो काळ संपतो. बँकेला कळवलं नाही तर आज काही होत नाही, पण बँकेला नंतर कळलं की हप्ते मागच्या तारखेपासून लागतात आणि ९० दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. सहकर्जदार आई किंवा वडील असतात, त्यांचाही सिबिल स्कोअर खाली येतो.

आकडा मांडून बघा. वर्षाला २ लाख असे दोन वर्षांत ४ लाख उचलले, व्याज १० टक्के सरळ. पहिल्या २ लाखांवर दोन वर्षांचे ४०,०००, दुसऱ्या २ लाखांवर एका वर्षाचे २०,०००. मधे व्याज भरलं नसेल तर हप्ता बसणार ४ लाख ६० हजारांवर. म्हणून शिक्का मारलेल्या अर्जाची प्रत घेऊन लगेच बँकेत जा, न उचललेली रक्कम रद्द करा आणि परतफेडीचा कालावधी वाढवून मागा.

केंद्राची व्याज सवलत असेल तर ती मधेच सोडणाऱ्याला मिळत नाही. अपवाद एकच, वैद्यकीय कारण, तेही कागदोपत्री.

चिंचबन

चांदणचुरा, वैद्यकीय कारणावरून एक अगदी मनापासून. "मन उडालंय" हे कधीकधी अभ्यासाबद्दल नसतं. झोप नाही, जेवण नाही, मित्रांशी बोलणं बंद, असं काही आठवडे चाललं असेल तर निर्णय पुढे ढकला आणि आधी डॉक्टरांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. उपचार चालू असतील तर रद्द करण्याऐवजी वैद्यकीय कारणावर सत्र पुढे ढकलायचा अर्ज करता येतो, सोबत डॉक्टरांचं तारखेसह प्रमाणपत्र. आजारपणात कायमचा अर्ज लिहू देऊ नका, पालकहो.

कौलारू

सोडून दुसरीकडे पहिल्या वर्षाला प्रवेश घेताना गॅप सर्टिफिकेट (मधल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र) मागतात. त्यात "घरी होतो" असं लिहिलं तर चालतं का? बरेच जण लिहितात.

गोधडी

मुळीच लिहू नका. प्रतिज्ञापत्र असतं ते. जुना पीआरएन आणि श्रेयांकांचं खातं आता जोडलेलं असतं, पात्रता तपासताना दिसतं, आणि प्रवेश रद्द होतो तो खोट्या माहितीमुळे, इंजिनिअरिंग सोडल्यामुळे नव्हे. "अमुक वर्षी प्रवेश घेतला, अमुक तारखेला रद्द केला" इतकं सरळ लिहा. नोकरीच्या अर्जातही तेच: "बी.ई. (अपूर्ण), दोन वर्षं, इतके श्रेयांक." पार्श्वभूमी तपासणीत खोटी पदवी सापडली की रुजू झालेल्यालाही काढतात.

रानवाट

सगळ्यांचं वाचून मूळ प्रश्नाकडे परत येतो. मी असं लिहून काढलंय, चुकत असेल तर सांगा. या वायडीच्या वर्षात पहिल्या वर्षाचे फक्त दोन विषय लावायचे, एलसी काढायची नाही, सोबत कामाचा अनुभव घ्यायचा. दोन्ही निघाले तर तिसऱ्याचा विचार. तीन युनिटांची तयारी करूनही दोन परीक्षांत एकही निघाला नाही, तर कागद घेऊन सोडायचं आणि मुक्त विद्यापीठ. बरोबर?

सुतारपक्षी

बरोबर, एक दुरुस्ती. "निघाला नाही" असं ठरवायच्या आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. निकालानंतर तिची मुदत मोजक्या दिवसांची असते. २४ मिळालेत की ८, यात फार फरक आहे. २४ असतील तर प्रत्येक प्रश्नाचे गुण स्वतः बेरीज करून बघा, तपासायचं राहिलेलं उत्तर शोधा, विषयाच्या सरांना दाखवा, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. ८ असतील तर ते पैसे वाचवा.

कडुनिंब

आणि रानवाट, त्या दोन परीक्षांच्या तारखा आजच कागदावर लिहून विद्यार्थ्याच्या आणि घरच्यांच्या सह्या घ्या. तोवर घरात हा विषय कुणी काढायचा नाही.

रानवाट

हे करतो. दोन विषयांतला एक गणित-२ आहे. त्याच्या गेल्या सहा परीक्षांचे पेपर युनिटवार कुणी लावलेत का? असतील तर इथेच टाका.

सुतारपक्षी

पॅटर्न कुठल्या वर्षाचा ते सांगा, रात्री टाकतो.